थंडीत एकटी बांधलेली गाय

मित्रांनो, मी एक म्हातारी म्हैस आहे. गुडीहत्नूरजवळच्या एका खेड्यात, बयनाबाईंच्या गोठ्यात माझा जन्म झाला आणि सारं आयुष्य तिथंच गेलं. माझं दूध दाट, म्हणून गावात माझं कौतुक होतं. धार काढायला बसण्याआधी बयनाबाई माझ्या पाठीवरून हात फिरवत.

एका हिवाळ्यात त्यांच्या मुलाने, खुशालने, बाजारातून एक तांबडी गाय आणली. नवं जनावर तीन आठवडे वेगळं ठेवा, त्याचं चारा-पाणीही वेगळं ठेवा, असं गुरांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून सून सुवर्णाने ती दूर बाभळीखाली बांधायला लावली.

पण आमच्याकडची थंडी हाडं गोठवणारी. गाय कुडकुडत हंबरायची आणि बयनाबाईंना ते ऐकवेना. सुवर्णा माहेरी गेली होती. बयनाबाईंनी गाय आत आणली, तिच्या पाठीवर गोणपाट टाकलं आणि तिला माझ्या शेजारी बांधलं. त्यांनी मायेपोटीच केलं, हे मला ठाऊक आहे. गायीच्या तोंडातून लाळेची तार लोंबत होती. आम्ही एकाच टाक्यातलं पाणी प्यालो.

काही दिवसांत माझ्या जिभेवर फोड आले, खुरांच्या बेचक्यात जखमा झाल्या. डॉक्टर म्हणाले, लाळ्या-खुरकूत. माझं रेडकू लस टोचण्याएवढं मोठं झालं नव्हतं. एका सकाळी ते लुचायला माझ्याकडे धावत आलं, मध्येच कोसळलं आणि उठलंच नाही. मागोमाग गोठ्यातली वासरंही गेली.

"माह्या हातानं रोग आत आनला मी," बयनाबाई म्हणाल्या.

सुवर्णाने त्यांना दोष दिला नाही. एवढंच म्हणाली, "आता रडून नाही भागत, आई. गोठा धुवा लागते."

पिल्लांना खोल खड्ड्यात चुना टाकून पुरलं. त्यांचे दोर जाळले, जमीन औषधाने धुतली. तरीही संध्याकाळ झाली की मला मागून इवल्या खुरांचा आवाज येई. पान्हा दाटून येई आणि लुचायला कुणी नसे. बयनाबाईही कधी कधी रिकाम्या कोपऱ्याकडे कोवळा चारा घेऊन जात आणि मध्येच थबकत. त्यांनाही तो आवाज येत असावा.

उन्हाळ्यात त्यांचा थोरला भाऊ नागनाथ बाजारहत्नूरकडून आला. त्याच्या घरची गुरं आजारी होती. तो मला पाहायला सरळ गोठ्याकडे निघाला. बयनाबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"दादा, गोठ्यात नको येऊ."

"काऊन? मी काय परका हावो?"

"घरात ये, जेव. पन तुह्याकडं जनावरं लाळ गाळून राह्यली. मी एकदा मया करून बसली, दादा. आता नाही."

नागनाथ पाणीही न पिता परत गेला. बयनाबाई माझ्या गळ्याशी टेकून रडल्या. त्या उन्हाळ्यात आसपासच्या गावांत रोग फिरला. आमच्या गोठ्यात शिरला नाही.

भाऊबीजेला नागनाथ पुन्हा आला. फाटकाशी औषधाच्या पाण्याचं घमेलं ठेवलेलं होतं. त्याने चप्पल काढली आणि दोन्ही पाय त्यात बुडवले.

मित्रांनो, नवं जनावर घरी आलं तर त्याला ऊब द्या, चारा द्या, त्याच्याशी बोला. पण त्याला काही दिवस दूरच ठेवा, आणि त्याच्याकडून आलात की हातपाय धुवा. लस चुकवू नका. तेवढं अंतर आमच्या गोठ्याने पाळलं असतं, तर संध्याकाळी रानातून परतताना मी मागे वळून पाहिलं, की तिथं खरंच कुणीतरी असतं.