माकडाची तहान

सुकेशनी दोन वर्षांनी घरी आली, तेव्हा मी नळासमोर हंडे मांडून बसले होते. संभाजीनगरात आमच्या गल्लीला आठव्या दिवशी पाणी येतं, तेही कधी येईल याचा नेम नाय. पोरगी बंगळुरूला माकडांच्या मेंदूवर संशोधन करते. त्याचंच सांगत होती. मी ऐकत होते, पण नजर तोटीवर.

“आई, माझ्याकडं बघ की जरा.”

“तू बोल. मला ऐकू येतंय.”

माकडाला म्हणे पडद्यासमोर बसवतात. ठरलेल्या ठिपक्याकडं लक्ष ठेवलं, की रसाचा एक थेंब तोंडात देतात. त्या थेंबाच्या आशेनं मेंदूत डोपामिन नावाचं रसायन सुटतं. मग माकडाचं लक्ष त्या ठिपक्यावर असं खिळतं, की शेजारचं दिसूनही दिसत नाही.

“एका थेंबासाठी बसतं व्हय गं ते?”

“तहानलेलं ठेवतो ना त्याला.”

“किती दिवस?”

“दिवस कसले, आई! रात्रभर फक्त. त्याचे हाल होऊ नयेत म्हणून समिती असते. रोज वजन करायचं, डॉक्टरनं तपासायचं. जास्त तहानलेलं ठेवलं तर प्रयोगच बंद पाडतात.”

माझं डोकं सणकलं. तेवढ्यात तोटी फुसफुसली. मी झटकन उठून हंडा लावला, तर नुसती हवा.

“सुकेशनी,” मी म्हणाले, “त्या समितीला आमच्या गल्लीचा पत्ता दे. इथं माकडं राहतात म्हणून सांग.”