कुत्र्यानं ओळखलं

यज्दीन म्हातारा भुयारी कालव्यात उतरलाय हे देनगला सकाळीच कळलं आणि तिनं कपाळावर हात मारून घेतला. आदल्या दिवशीच सासऱ्या-सुनेची यावरून जुंपली होती. शेतांचं पाणी तुटलं होतं, आत कुठंतरी माती ढासळली असणार, हे खरंच. पण गावात तरणेताठे गडी का कमी होते? तिचा नवरा फरुखन शहानशहाच्या फौजेत, रोमच्या सरहद्दीवर. त्याच्या माघारी म्हाताऱ्याचं काही बरंवाईट झालं तर तिनं काय तोंड दाखवायचं? पण म्हातारा ऐकतोय कुठला. तिचा नवरा रांगत होता तेव्हापासून आपण त्या भुयारात रांगतोय, असं तिला सुनावून तो मोकळा झाला होता.

दुपारी शेजारीण धापा टाकत दारात उभी राहिली. तिचं तोंड पाहूनच देनग पिठाच्या हातांनी पळत सुटली.

कालव्यात उतरायच्या विहिरीपाशी सगळं गाव जमलं होतं. खालची हवा कोंदट झाली होती. दोर हलेना म्हणून गड्यांनी रहाट फिरवून म्हाताऱ्याला वर ओढलं, तेव्हा त्याची मान लुळी पडलेली. खडकाच्या सावलीत निजवून छातीवर कान लावून पाहिलं, काही ऐकू येईना. तसे सगळे झटकन मागं सरले. मढ्यात नसू नावाची राक्षसीण शिरते. शिवलं की ती शिवणाऱ्यालाही धरते. प्रेतं उचलणारे दोघे येऊन बसलेच होते. सूर्य मावळायच्या आत देह टेकडीवरच्या दख्म्यात, गिधाडांच्या हवाली, व्हायला हवा होता.

अग्निमंदिराचे पुजारी, मोबेद आदुरफर्न, आले ते मंदिरातल्या कुत्र्याला घेऊन. त्याच्या दोन्ही डोळ्यांवर एकेक काळा ठिपका होता, म्हणून गाव त्याला चार डोळ्यांचा म्हणायचं. त्याची नजर मेलेल्यावर पडल्याशिवाय देह हलवायचा नाही, ही रीत. एरवी तो मढ्याकडे एकटक बघायचा आणि शेपूट पाडून बाजूला व्हायचा.

आज तसं झालं नाही. तो म्हाताऱ्याच्या तोंडाशी गेला, हुंगला आणि त्याच्या हाताखाली डोकं खुपसून तिथंच बसला. मोबेदांनी बोलावलं तरी हलेना. कुणी म्हणालं, भाकरीसाठी बसलाय, म्हातारा रोज घालायचा. पाटील आभाळाकडे बघत म्हणाला, आता उशीर नको. मोबेदांनी दाढीवरून हात फिरवला. त्यांनी आजवर शेकडो देह पाहिले होते. कुत्र्याचं असं वागणं मात्र पाहिलं नव्हतं. हो म्हणवेना, नाही म्हणवेना.

देनगला एकच दिसत होतं, कुत्र्याची शेपूट हलत होती.

चूक झाली तर काय होईल हे तिला ठाऊक होतं. नऊ रात्री गावाबाहेरच्या झोपडीत एकटीनं काढायच्या, गोमूत्रानं न्हायचं, विस्तवाकडे बघायचंसुद्धा नाही. आणि घरी अंगावर पिणारी लेक. ती पुढं झाली तशी मोबेदांनी तिला अडवलं.

"पोरी, एकदा हात लावलास की नऊ रात्री मला तुला घरी जाऊ देता यायचं नाही."

"कुत्रं त्यांना मेलेलं मानत नाही," देनग म्हणाली. "मग मी का मानू?"

मोबेद बाजूला झाले.

तिनं म्हाताऱ्याला कुशीवर वळवलं. तोंडात बोट घालून चिखल काढला, पाठीवर थापट्या मारल्या, पुन्हा मारल्या. काहीच होईना. प्रेत उचलणाऱ्यांतला एक उठून उभा राहिला. देनगनं दात-ओठ खाऊन आणखी एक जोरात हाणली, आणि म्हाताऱ्याच्या घशातून खरखर आवाज आला. मग खोकल्याची उबळ. मग काळं पाणी.

यज्दीननं डोळे किलकिले केले.

"पाणी सुटलं का?"

"आधी तुम्ही सुटलात ते बघा, मामंजी," ती म्हणाली आणि मग तिला रडू आवरेना.

जिवंत माणसाला दख्म्यात धाडणार होतो, असं पुटपुटत मोबेदांनी अहुर मज्दाचं नाव घेतलं. देनगला कसलाच विटाळ नाही, हे त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं. उरलेली माती उद्या तरणे गडी उतरून काढतील, यावर पाटलानंही मान डोलावली. प्रेत उचलणारे दोघे हसत हसत घरी गेले. काम हुकल्याचा एवढा आनंद त्यांना कधी झाला नसेल.

संध्याकाळी म्हातारा कढत दूध पिऊन अंगणात झोपला. देनग लेकीला पाजत जवळच बसली. थोड्या थोड्या वेळानं ती उठायची, वाकून त्याच्या नाकाशी हात धरायची. ऊन ऊन श्वास हाताला लागला की परत येऊन बसायची.

पुन्हा एकदा ती वाकली तेव्हा यज्दीन डोळे न उघडताच म्हणाला, "आहे मी. जा, तूही जरा पड."