कासूला सगळ्या गाड्या थांबतात

मित्रांनो, मी एक जुना कॉम्प्युटर आहे. किती जुना ते विचारू नका. शेजारची मुलं कधी घरात आली की माझ्या पडद्यावर बोट फिरवतात, काहीच सरकलं नाही की "हा बिघडलाय" म्हणून निघून जातात. बिघडलेलो नाही हो! मला बटणं दाबावी लागतात आणि थोडा धीर धरावा लागतो, एवढंच. सध्या माझा मुक्काम रोह्याला लागून असलेल्या वरसे गावात, दोन खोल्यांच्या एका घरात आहे. घरात माणूस एकच. त्याचंच सांगायला मी तोंड उघडलंय, पण आधी माझं थोडं ऐकून घ्या. म्हाताऱ्यांना मध्येच तोडू नये.

माझा जन्म पेणचा. सुजय नावाच्या तरुणाने पेटी एकीकडून, पडदा दुसरीकडून असं जमवून मला जोडलं आणि आपल्या सायबर कॅफेत बसवलं. भिंतीपलीकडे गणपतीचा कारखाना. तिथे मूर्ती घासायला घेतल्या की पांढरी धूळ थेट माझ्या पंख्यात यायची. सुजय ब्रशने माझं पोट साफ करायचा नि म्हणायचा, "बाप्पाची माती हाय बाबा, सोसून घे." मी सोसायचो. तेव्हा सोसण्याचंही काही वाटत नसे, कारण समोर सतत कुणीतरी बसलेलं असायचं.

माणसं यायची ती बहुतेक रेल्वेच्या खेळासाठी. खेळ साधा आहे. तुम्हाला एक नकाशा मिळतो आणि थोडं भांडवल. रूळ टाकायचे, स्टेशनं बांधायची, इंजिनं विकत घ्यायची, माणसं नि माल वाहायचा. नफा झाला तर कंपनी वाढते. तोटा होत राहिला तर भागीदार एक दिवस तुम्हाला खुर्चीवरून उठवतात आणि खेळ खलास.

आता या खेळाबद्दल जितकी तोंडं तितकी मतं. आयटीआयला शिकणारा नितेश जिंकला की म्हणायचा, "एक नंबर गेम! हितं डोकं लागतं." हरला की तोच म्हणायचा, "फालतू हाय. बँकवाले नुसते चोर." टायपिंग शिकायला येणाऱ्या रोहिणीला नफ्याशी घेणंच नव्हतं. ती डोंगराला वळसे घालत रूळ टाकायची, स्टेशनाभोवती झाडं लावायची आणि गाडी बोगद्यातून बाहेर येताना हनुवटीला हात लावून बघत बसायची.

"अगं, कंपनी बुडंल तुझी!" नितेश ओरडायचा.

"बुडू दे. झाडाखालून जाऊन बुडंल," ती म्हणायची.

दोघांची जुंपली की सुजय गालातल्या गालात हसायचा. त्याचं मत एकच. खेळ लवकर संपत नाही, म्हणजे गिऱ्हाईक लवकर उठत नाही, म्हणजे खेळ चांगला. माझं मत कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं की भांडा बाबांनो, पण इथेच बसून भांडा.

पुढे प्रत्येकाच्या खिशात फोन आला आणि कॅफे ओस पडला. सुजयने कॅफेतलं माझं एकेक भावंड विकलं, झेरॉक्सचं मशीन आणलं, आणि मला कोपऱ्यात सरकवून वर पोह्यांची गोणी ठेवली. मित्रांनो, पेणचे पोहे फार चांगले असतात असं सगळे म्हणतात. मला मात्र त्यांचं नाव काढलं तरी डोकं जड होतं. गोणी उचलायला हात यायचा तेवढाच काय तो माणसाचा स्पर्श. उन्हाळे गेले, पावसाळे गेले. आपण कुणाला नकोत, हे कळायला फार अक्कल लागत नाही.

आणि मग काळुराम आला. नागोठण्याच्या बाजूला कंपनीत शिफ्ट करून नुकताच निवृत्त झालेला, बायको गिरजाबाई काही महिन्यांपूर्वी वारलेली. पेन्शनच्या कागदांची झेरॉक्स काढायला तो पेणला आला होता. सुजयने त्याच दिवशी मला चालू करून बघायला घेतलं होतं आणि पडद्यावर रेल्वेचा खेळ होता. काळुराम कागद विसरला.

"यात कासू स्टेशन घालता येतंय काय रे?"

"काका, स्टेशनला पायजेल ते नाव देता येतं."

"मग हा मला दे."

असा मी वरशाला आलो. काळुरामने खिडकीजवळ टेबल लावलं, माझ्यावर घालायला गिरजाबाईच्या जुन्या साडीचं झाकण शिवून घेतलं. इतका मान मला आयुष्यात कुणी दिला नव्हता.

तो खेळायला बसला. रोह्यापासून पेणपर्यंत रूळ टाकले, नागोठणं बांधलं, अंबा नदीवर पूल टाकला, आणि पेण-नागोठण्याच्या मधल्या कासूला असं स्टेशन बांधलं की मुंबईनेही लाजावं. मोठा फलाट, बाकडी, फुलझाडं. मग त्याने हुकूम सोडला की प्रत्येक गाडी कासूला थांबणार. पॅसेंजर थांबणार, एक्स्प्रेस थांबणार, मालगाडीसुद्धा थांबणार. व्हायचं तेच झालं. गाड्या रखडल्या, कंपनी तोट्यात गेली, भागीदारांनी काळुरामला काढून टाकलं. त्याने चहा करून घेतला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा तेच कासू, पुन्हा तोच तोटा.

नितेश आता रोह्यात कॉम्प्युटर दुरुस्त करतो. एकदा तो मला बघायला आला आणि पडदा बघून त्याने कपाळावर हात मारला.

"काका, कासूला मालगाडी कशाला थांबवता? तिथं चढतंय कोण?"

"चढंल एक दिवस," काळुराम म्हणाला.

नितेश हसला. मी नाही हसलो. कारण घरात वाजणारा फोन माझ्या शेजारीच ठेवलेला असतो, आणि मला सगळं ठाऊक होतं.

कासूला काळुरामची धाकटी बहीण जनी दिलेली आहे. आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत असेलच. गौरीला माहेरवाशीण माहेरी येते, पण आपली आपण येत नाही. भाऊ मुराळी म्हणून तिच्या दारात जातो, घटकाभर बसतो, चहापाणी घेतो आणि तिला घेऊन येतो. गिरजाबाई होती तोवर ती दरवर्षी काळुरामला धोतर नेसवून हाकलायची, "जावा, जनी वाट बघतेय." ती गेल्यावर पहिल्याच गौरीला काळुरामने काय करावं? फोन केला!

"जने, आता पॅसेंजर सोयीची हाय गो. कासूला बस, रोह्याला उतर. मी हाय स्टेशनावर."

त्याच्या मनात काळंबेरं नव्हतं. गाडी आहे, बसायला जागा मिळते, टेम्पोचे धक्के कशाला, असा त्याचा साधा हिशेब. पण जनीला ते लागलं. म्हणाली, "वयनी गेली तशी माझी वाटबी गेली म्हणायची. आणायला कोणी नाय, तर मी येऊ कशी? लोकाच्या दारात जाते काय मी?"

"अगो, गाडी हाय ना!"

"गाडी सरकारची हाय, दादा. भाऊ माझा हाय."

झालं. ती आली नाही. हा गेला नाही. दुसऱ्या वर्षी पुन्हा फोन, पुन्हा "गाडी हाय", पुन्हा "मुराळी म्हणून ये". दोघंही एका आईची, हट्टात कमी कोण असणार? त्यानंतर फोनही बंद झाले आणि काळुराम माझ्यासमोर बसून कासूला गाड्या सोडत राहिला. दुखणं रेड्याला आणि औषध पखालीला, दुसरं काय! एखादा दिवस असा जायचा की त्याच्या तोंडून शब्द निघायचा नाही. फक्त गाडी कासूला लागली की तो हळूच म्हणायचा, "आली." कुणीच आलेलं नसायचं. मला हात असते तर मी त्याला धरून उठवलं असतं. पण मला फक्त पंखा आहे, तो मी जोरात फिरवायचो.

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी जनीच्या मुलाचा, प्रविणचा फोन आला. "मामा, मला बडोद्याला नोकरी लागलीय. गौरी झाल्या की आईला घेऊन जातोय. घर बंद करतोय. आई बोलत नाय, पण या वर्षी तुम्ही या."

काळुराम म्हणाला, "बघतो."

गौरीच्या दिवशी तो सकाळीच उठला. गौरीसाठी तेरडा आणला, गिरजाबाईचं हिरवं लुगडं काढून गौरीला कसंबसं नेसवलं. इस्त्रीचा सदरा घातला. पायात चपलासुद्धा घातल्या. मी म्हटलं, निघाला एकदाचा! दारापर्यंत गेला आणि थांबला. इतक्या वर्षांनी दारात उभं राहून काय बोलायचं, हीच भीती असणार. परत आला. चपला घालूनच माझ्यासमोर बसला आणि मला चालू केलं. मित्रांनो, त्या दिवशी मला बंद पडायचं होतं. खरंच सांगतो, जीव तोडून प्रयत्न केला. नेमका त्याच दिवशी मी नव्यासारखा चाललो.

जनी आली ती तिसऱ्या दिवशी, गौर बोळवल्यानंतर. एकटीच, हातात पिशवी. उंबऱ्याशी उभी राहिली.

"गौर गेली?"

"दुपारीच बोळवली गो."

"बरं झालं. मी माहेरवाशीण म्हणून नाय आले. जातेय ते सांगायला आले."

ती खुर्चीच्या काठावर बसली. काळुरामने चहा केला, साखर विसरला. ती तसाच प्यायली. आणि मग त्या वेड्याने काय करावं? मला चालू केलं.

"हे बघ जने. मी रेल्वे बांधलीय. ही तुझी कासू. बघ, फलाट बघ, बाकडी बघ. हितं सगळ्या गाड्या थांबतात. लोक हसतात मला, पण मी एकबी गाडी पुढं जाऊ देत नाय."

जनी पुढे वाकली. एक पॅसेंजर आली, थांबली, गेली. मागून मालगाडी आली, थांबली, गेली. ती खूप वेळ बघत होती. या खेळाबद्दल मी आजवर पुष्कळ मतं ऐकली, पण तिचं मत ऐकून माझा पंखासुद्धा अडखळला.

"लय चांगलं केलंस रे दादा," ती म्हणाली. "इतक्या गाड्या धाडल्यास माझ्या दारात. तू एकदा आला असतास तर एवढं बांधायला लागलं नसतं."

काळुराम रडला. म्हातारा माणूस लहान पोरासारखा नाक ओढत रडला. जनीने पदराने त्याचं तोंड पुसलं, पण राहिली नाही. प्रविण वाट बघत होता, सामान बांधून झालं होतं. तेव्हा काळुराम उठला, तिची पिशवी घेतली, म्हणाला, "चल, तुझ्या घरापर्यंत येतो." गेला तो मला बंद करायला विसरून. संध्याकाळभर रिकाम्या घरात मी कासूला गाड्या थांबवत होतो, आणि बघायला कुणीच नव्हतं. इतकं एकटं मला गोणीखालीही वाटलं नव्हतं.

त्यानंतर खेळ उघडला गेला नाही. वर्ष झालं. माझ्यावर झाकण असतं, आणि झाकणाआडून मी त्याची पावलं ऐकतो. मला करमत नाही, हे लपवून काय करू?

काल मात्र त्याने झाकण काढलं. मला वाटलं, आता रूळ टाकणार. त्याने रूळ टाकले नाहीत. नितेशला शेजारी बसवून, त्याच्या फोनचं नेट मला जोडून बडोद्याचं तिकीट काढायला लावलं. जाताना एक, येताना दोन. गौरीच्या आदल्या दिवशी परत पोचणारं.

"काका, आत्यांना फोन करून सांगितलंत काय?" नितेशने विचारलं.

"मुराळी फोन करून जातो काय रे?" काळुराम म्हणाला. "आली तर आली. नाय आली तर तिच्या दारात चहा पिऊन येईन."

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी एवढंच मागतात, की आम्हाला टाकू नका, अधूनमधून पुसत जा. मीही तेच मागणार होतो. पण तुमच्यासाठी कुणी दारात उभं असेल, तर माझ्यासमोरून आधी उठा. मला बंद करायला विसरलात तरी चालेल.