सोमवारी आधी उठणारा प्रोग्रॅम

"सर्व्हर बंद केला? कोणी?" ब्रेंडन फोनवर ओरडलाच.

"मी. शनिवारी संध्याकाळी," तोआकासे म्हणाली. "काल रविवार होता ना! देवाच्या दिवशी टोंगात माणूस काम करत नाही, मग मशीननं का करावं? बावीस वर्षं बंद करतेय मी."

या ब्रेंडननं ब्रिस्बेनहून येऊन बुधवारी, तोआकासे कामाला होती त्या बोटीच्या कचेरीत, तिकिटांची नवी सिस्टीम बसवली आणि गुरुवारी तो परतलाही. आज सोमवारी सकाळी मशीन सुरू झालं, पण नवी सिस्टीम सुरू होताच मान टाकत होती. बोट दहाला सुटायची. प्रवाशांची छापील यादी हातात पडल्याशिवाय कॅप्टन हावेआ दोर सोडत नसे, आणि गुरुवारपासूनची सगळी तिकिटं नव्या सिस्टीममध्ये अडकलेली. धक्क्यावर एक अख्खं कुटुंब काळे कपडे घालून, सुतकाच्या रिवाजाप्रमाणे कमरेला चटया गुंडाळून बसलं होतं. उद्या सकाळी वावाऊ बेटावर त्यांच्या आजीचं दफन होतं, आणि पुढची बोट थेट गुरुवारी.

"सगळं पुसून पुन्हा बसवू, मॅडम. संध्याकाळपर्यंत होईल."

"तोवर बोट काय तुझ्या नावानं उभी राहणार? गप्प बस जरा. वाचू दे मला."

मशीन सांगत होतं की आठ हजार ऐंशी हा पोर्ट आधीच कोणीतरी वापरतंय. म्हणजे नव्या सिस्टीमला ज्या दारात बसायचं होतं, तिथं दुसरंच कोणी ठाण मांडून होतं. तिनं मशीनलाच विचारलं, कोण ते? पडद्यावर नाव उमटलं आणि ती हसली. काखेत कळसा नि गावाला वळसा! तो तिचाच तिकिटांचा जुना प्रोग्रॅम होता. एक मागून आणलेलं पुस्तक वाचून तिनं तो एकटीनं लिहिला होता.

"मी थांबवला होता तो!" ब्रेंडन म्हणाला.

"थांबवलास रे. पण मशीनबरोबर आपोआप उठणाऱ्यांच्या यादीतून काढलास का?"

"ते राहिलंच," ब्रेंडन म्हणाला. त्याच्याकडे सर्व्हर कधी झोपतच नसत.

दारात कॅप्टन हावेआ येऊन उभा होता. "काय गं ताई, कोण अडवतंय?"

"माझाच प्रोग्रॅम, कॅप्टन. सवयीनं आधी उठला आणि आपल्या जागी बसला."

"कधी उशिरा उठलाय का गं तो?"

"एकाही सोमवारी नाही," ती म्हणाली. तिला त्याचा अभिमान वाटत होता, आणि तिनं तो लपवला नाही.

मग ती खुर्चीवरून उठली, कमरेचा कीएकीए, तो विणलेला पट्टा, नीट केला आणि उभ्यानंच जुन्या प्रोग्रॅमला थांबवलं. हावेआनं टोपी काढली. नवी सिस्टीम मुकाट्यानं सुरू झाली, प्रिंटरनं दोनशे चौदा नावं ओकली.

"मॅडम, मानलं तुम्हाला," ब्रेंडन पुटपुटला.

"मानशील नाहीतर काय! आता शनिवारी फोन करू नकोस, मी बंदच करणार आहे."

काळ्या कपड्यांतलं कुटुंब चटया सावरत बोटीवर चढलं. दहाला पाच मिनिटं कमी असताना दोर सुटले.

कचेरी रिकामी झाल्यावर तोआकासेनं आपोआप उठणाऱ्यांची यादी उघडली. बावीस वर्षांपूर्वीची ती ओळ तिनं एक एक अक्षर करून पुसली, आणि त्याच जागी नव्या सिस्टीमचं नाव लिहिलं.