चालक मंडळाचा विचार

"मंडळ, मंडळ! रुसल्याल्या व्याह्यावाणी व्हय म्हणंना का न्हाई म्हणंना." शाळेचा ओटा सारवता सारवता फुलाबाई पुटपुटली. "बाई, ह्ये चालक मंडळ म्हंजी नेमकं कोण वो?"

वेल्ह्याच्या मुलींच्या शाळेत कुंदाबाई एकट्याच शिक्षिका. त्यांनी वर्गात सांगावं तसं सांगितलं, "भोरातले सात गृहस्थ. शाळा तेच चालवतात. एकानं म्हटलं तर ते त्याचं म्हणणं. सातांनी मिळून म्हटलं, की मंडळाचा ठराव."

"आन् सातांतल्या एकालाबी तुमची दया येत न्हाई?"

कुंदाबाई हसल्या. मंडळाच्या भोरच्या शाळेत बदली मागणारे नऊ अर्ज त्यांनी चार वर्षांत धाडले होते. संध्याकाळी मुली घरी गेल्या, की सकाळपर्यंत त्यांना हाक मारणारं कुणी नसायचं. उत्तरं मात्र वेळेवर यायची, वळणदार अक्षरात. 'मंडळ विचार करीत आहे.' 'मंडळास खेद वाटतो.' सात जणांना एकदम खेद कसा वाटतो, याचं बाईंना नवल वाटे. गेल्या पत्रात तर होतं, 'वेल्ह्यास थंडी फार. बाईंनी कानास बांधावे असे मंडळाचे मत पडले.'

दिवाळीच्या सुटीत त्या नसरापूरपर्यंत बैलगाडीनं, पुढं मोटारीनं थेट भोरला थडकल्या. मंडळाची सभा त्याच दिवशी होती.

चिटणीस श्रीपादरावांच्या माजघरात सात पाट मांडलेले, सातांपुढे सात विडे. माणूस एकच, खुद्द श्रीपादराव.

"मंडळी येतीलच," ते म्हणाले.

"वाटंतच असतील," म्हणत त्यांचा गडी सोनबा नजर चुकवून बाहेर सटकला.

तास गेला. विड्यांची पानं मलूल पडली.

"कानाला बांधता ना?" श्रीपादरावांनी हळूच विचारलं.

बाईंनी श्रीपादरावांच्या पुढ्यातली ठरावांची वही आपल्याकडे ओढली. आजचा ठराव लिहून तयार होता. 'बदलीचा विचार पुढील सभेत व्हावा, असे सर्वानुमते ठरले.' शाई केव्हाच वाळली होती. त्यांनी मागची पानं चाळली. सगळीकडे तेच वळण, खाली तीच एक सही.

"मी आज उत्तर घेतल्याशिवाय उठायची नाही, श्रीपादराव."

श्रीपादरावांनी चष्मा काढला, उगीच पुसला.

"दोघं वारले. चौघं पुण्या-मुंबईला गेले, ते गेलेच. इथली शाळा दोन वर्षांमागं बंद पडली, बाई. बदली कुठं देऊ? आता मंडळ म्हणजे इथं मी, आणि वेल्ह्यात तुम्ही."