माझी वादळदोरी

मित्रांनो, मी जुना आहे हे मीच आधी सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही नाक मुरडून सांगायला नको. मी तुंदुक आहे, नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या जाड थरांच्या, गोल घराच्या माथ्यावर बसणारं लाकडी कडं. छपराच्या साऱ्या काठ्या माझ्या अंगातल्या भोकांत टेकतात. चुलीचा धूर माझ्यातून बाहेर जातो, सकाळचं ऊन माझ्यातून आत येतं. भिंती बदलतात, नमदे बदलतात, मी मात्र बापाकडून धाकट्या मुलाकडे जातो. मला चुलीत घालायचं आमच्या डोंगरात कुणी मनातही आणत नाही. एकाने आणलं, त्याचीच ही गोष्ट.

सुताराने भूर्जाचं ओलं लाकूड वाफेवर शेकून मला वाकवलं. मी वाकलो तो तेवढाच. पुढे माझ्याखाली लग्नं झाली, बाळंतपणं झाली, घोडीच्या आंबवलेल्या दुधाचे वाडगे फिरले. पाहुणे आत येऊन आधी वर बघायचे आणि म्हणायचे, "काय काळाभोर झालाय!" धुराने काळं होणं ही आमच्याकडे अब्रूची गोष्ट आहे. या घरात चूल विझली नाही, असा त्याचा अर्थ.

माझ्या मधोमध लोकरीची एक रंगीत दोरी लोंबते. वारा सुटला की तिला जड धोंडा बांधायचा, म्हणजे घर जमिनीला घट्ट धरून राहतं. एरवी ती नुसती शोभेची दिसते, आणि तिथेच घात झाला. यंदा शिंगरं फार झाली. शिंगरू बांधून ठेवलं की घोडी लांब जात नाही, दूध काढता येतं. दावण कमी पडली, तेव्हा घरातला धाकटा तोलोगोन माझी दोरी सोडायला लागला.

"आपा, नुसती लोंबतेय ही," तो आईला म्हणाला. "वादळ आलं की आणतो सोडून."

"वादळ तुला निरोप धाडून येणार आहे होय रे?" कल्दारकान आपा म्हणाली. पण शिंगरांकडे बघून तीही हसली आणि दोरी गेली.

वादळ आलं ते भरदुपारी, गारा घेऊन. तोलोगोन दावणीकडे धावला. भिजलेल्या गाठी आवळल्या होत्या, शिंगरं उधळत होती, एक गाठ सुटेना. तेवढ्यात वारा नमद्याखाली शिरला आणि आख्खं घर उचललं गेलं. तोलोगोनने परत येऊन छपराला मिठी मारली, त्यात त्याचा खांदा निखळला. मी खडकावर आपटलो आणि एका बाजूने चिरलो. मला राग आला तो वाऱ्याचा नाही. वारा त्याचं काम करत होता, माझी दोरीच कामावर नव्हती.

दुसऱ्या दिवशी थोरला मुलगा सागिन शहरातून ट्रक घेऊन आला.

"आपा, पुरे झालं आता. माझ्याकडे पक्कं घर आहे, नळाला गरम पाणी आहे. चल खाली. आणि हा तुंदुक घाल चुलीत. हौसच असली तर बाजारात लोखंडी मिळतो."

मला चुलीत? ज्याच्याखाली तू जन्मलास, त्याला? मी ओरडलोही असतो, पण लाकडाचं ऐकतंय कोण.

आपाने एक भिजलेलं कातडं काढलं. त्याच्या पट्ट्या कापल्या आणि माझ्या चिरेवर करकचून आवळल्या. ओलं कातडं वाळलं की आक्रसतं आणि लाकडाला सोडत नाही.

"हे वाळेपर्यंत थांब," ती म्हणाली. "तोवर घर उभं करते. राहिलं नाही, तर मुकाट्याने बसते तुझ्या गाडीत."

सागिन ट्रकला टेकून, हाताची घडी घालून उभा राहिला. शेजारणी आपापले जादा नमदे आणि काठ्या घेऊन आल्या.

"सागिन, गाडी तापली असेल बाबा, तिला वारा घाल," त्यांतली शारकान म्हणाली. "आम्ही आहोत इथे घाम गाळायला."

काठ्या आल्या त्या एक लाल, एक हिरवी, एक बिनरंगाची. अगदीच बेंगरूळ दिसत होतं. मोडलेल्या लाकडी जाळीच्या भिंती बांधून झाल्या, कातडं खडखडीत वाळलं.

आमच्याकडे तुंदुक उचलतो तो घरचा पुरुष. मध्यभागी उभं राहून, टोकाला दोन फाटे असलेल्या लांब काठीवर. तोलोगोनचा हात गळ्यात बांधलेला होता. सगळ्यांनी सागिनकडे पाहिलं. सागिनने डोंगराकडे पाहिलं.

आपाने काठी उचलली.

"अगं, ते पुरुषाचं काम," शारकान म्हणाली.

"मग पुरुष येईपर्यंत मी धरते."

तिने मला डोक्यावर उचललं. माझी चीर करकरत होती. फुटायचं नाही, मी स्वतःला बजावलं, आज तर नाहीच. बायका भराभर काठ्या माझ्या भोकांत बसवत होत्या. आणि वारा पुन्हा सुटला. काठी एका अंगाला कलली. तेव्हा आपाच्या हातांवर आणखी दोन हात आले.

"आपा, सोड. पाठ मोडेल तुझी."

"तू नीट धर, मग सोडते."

सागिनने नीट धरलं. शेवटची काठी बसली, नमदे चढले. तोलोगोनने शिंगरांकडून माझी दोरी आणली, खजील होऊन एका हाताने बांधली. पण मोठा धोंडा कुठे हाताशी नव्हता आणि घर हलायला लागलं होतं. सागिन ट्रककडे धावला, जादा चाक काढून आणलं आणि दोरीला टांगलं.

"आता जाशील कसा रे?" शारकानने विचारलं. "वाटेत टायर फुटलं तर?"

"वारा पडेपर्यंत जात नाही," तो म्हणाला. आपाने चूल पेटवली.

मित्रांनो, तुमच्याही घरात वर्षभर नुसतं लोंबणारं काहीतरी असेल. त्याला निकामी म्हणू नका आणि शिंगरांना तर मुळीच देऊ नका. चिरलेल्यालाही एकदा कातडं बांधून बघा.

सागिन आता दर सुट्टीला वर येतो. आल्या आल्या विचारतो, "आपा, माझं चाक नेऊ का?"

"वारा आहे अजून," आपा म्हणते. बाहेर गवताचं पातंही हलत नसतं.