वाढत्या मापाचा कोट

आमच्या घरात दाराला नुसतं दार म्हणायची सोय उरली नव्हती. दारावर चिठ्ठी, खिडकीवर चिठ्ठी, माझ्या शिलाई मशीनवरसुद्धा चिठ्ठी, आणि प्रत्येक चिठ्ठीवर त्या वस्तूचं परक्या भाषेतलं नाव. ही युक्ती माझ्या धाकट्या नणंदेची. "वहिनी, पोरांना भाषा घोकून येत नाही गं. ती घरात नांदवावी लागते." ती लग्न करून परदेशात गेली ती तिकडचीच झाली. मूलबाळ नाही, बोलणं मात्र साखरेचं. सुट्टीत दोन महिने भाचीला घेऊन जाणार होती.

भाची म्हणजे माझी बुटकी. आठ वर्षांची, दिसायला सहाची. चिकटवायच्या नादात तिनं माणसंही सोडली नाहीत. डेपोतून दमून आलेल्या बापाच्या खिशावर 'बाबा' डकवलं, माझ्या खांद्यावर 'आई'.

"बरं झालं," नवरा म्हणाला, "आता हरवलो तर कुणीतरी घरी आणून सोडेल."

मी माझी चिठ्ठी काढून टाकली नाही, मशीनच्या दिव्याला लावून ठेवली. त्या भाषेतला मला पाठ झालेला पहिला शब्द तोच.

रोज संध्याकाळी एक तास आत्याचा. आतली खोली, फोन आणि बुटकी. त्या तासात आपली भाषा बंद, आणि मी आत जायचं नाही. मी दिसले की पोरीची जीभ आपल्या भाषेकडे घसरते, म्हणून हा नियम मीच घातला होता. बाहेर मशीन चालवत मी ऐकायची. आत बुटकी घडाघडा आकडे म्हणायची. "मोजायला शिकतेय," मी गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगायची. माझी मापाची टेप तेवढी त्या तासात कधी जागेवर सापडायची नाही.

मग नणंदेनं कोटाचं काढलं. "इकडे गारठा फार. तुझ्या हातचा एक शिव ना. आणि खाली, बाह्यांना भरपूर माया ठेव."

माया म्हणजे आत दुमडलेलं जास्तीचं कापड. पोर वाढली की उसवून सोडायचं. मी चार बोटं दुमडली आणि हात थांबला. दोन महिन्यांत कुठली पोर चार बोटं वाढते? आमची तर दोन वर्षांतही वाढायची नाही.

नवऱ्याला दाखवलं. "तुला जिथंतिथं शिवण दिसते," तो हसला. "माझी बहीण आहे ती. पळवून नेणार आहे का?"

हसला, पण माझ्याकडे बघून नाही.

जेवताना मी सहज विचारलं, "बुटके, 'मी घरी परत आले' कसं म्हणतात गं तिकडे?"

तिनं घास गालात धरून विचार केला. "ते अजून झालं नाही."

"मग काय काय झालंय?"

"माझी खोली. माझी शाळा. माझी बस."

"सुट्टीत कसली शाळा?"

बुटकीनं बाबांकडे बघितलं. बाबांनी पाण्याचा पेला उचलला आणि तो रिकामा होईपर्यंत तोंडाचा काढला नाही.

दुसऱ्या दिवशी त्या तासाला मी मशीनमध्ये कापड घातलंच नाही. आवाज बंद पडला तर आत कळेल, म्हणून रिकामंच पायडल मारत राहिले आणि कान पडद्याकडे लावले. आकडे झाले. खिडकी, पलंग, उशी झाली. मग बुटकीनं तो शब्द म्हटला. माझ्या दिव्यावरचा.

मला वाटलं, मलाच हाक मारली. मी उठणारच होते.

तेवढ्यात फोनमधून ओ आली. हळू, लाडाची. बुटकीनं पुन्हा तोच शब्द म्हटला, पुन्हा ओ आली.

माझं मशीन थांबलं तसं आतही सगळं चिडीचूप झालं. नियम मोडून मी पडदा सारला. फोनमधली नणंद गडबडली. "अगं वहिनी, सराव! नुसता सराव चाललाय!"

"चालू दे," मी म्हटलं आणि फोन पालथा घातला.

कोट मांडीवर घेतला. कात्रीनं खालची माया कापली, बाह्यांचीही. आता उसवायला काही नाही. आखूड झाला की पोरीला घरी यावंच लागेल, अशी आपली माझ्या खुळ्या जिवाची समजूत.

बुटकी शेजारी येऊन बसली. कापलेल्या पट्ट्या तिनं बोटांवर गुंडाळल्या.

"रडू नको ना आई. हा नाही नेला तरी चालेल. तिकडे माझे कोट आहेत, कपाटात. आत्यानं दाखवले."

"किती?"

"तीन. एक आत्ताचा, एक त्याच्याहून मोठा, आणि एक त्याच्याहूनही मोठा."

"माप कुणी दिलं तिला?"

टेप तिच्या गळ्यातच होती, माझ्यासारखी.

"मीच दिलं," ती फुशारकीनं म्हणाली. "रोज मोजून सांगते. आकडे येतात ना मला."